चौथ्या भागाचा अर्थ

आमच्या घरात देव नव्हते आणि भुतंही नव्हती. दोन्ही एकाच दिवशी गेली, असं बाबा सांगायचे. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि परत येताना ज्या पिंपळाला सारं गाव भ्यायचं, त्याच्याखालून मुद्दाम चालत आले. काही झालं नाही. बाबांच्या दृष्टीनं आमच्या घराण्याचा इतिहास तिथून सुरू होतो. त्यामुळे ताई आणि मी ज्या घरात वाढलो तिथं कुणाला दृष्ट लागत नसे, कुणी नवस बोलत नसे, मांजर आडवं गेलं तर त्याला फक्त हाकललं जाई. ताईचे सांधे सुजले की शेजारणी येऊन काहीबाही सुचवत, लिंबू, काळा दोरा, कुठल्याशा महाराजाची राख. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मास्तरले इचारा." बाबांना विचारायची हिंमत कुणी केली नाही.

मास्तर म्हणजे बाबाच. ते एसटीत कंडक्टर होते, आणि प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणतात. वाशीमजवळच्या मालेगावात, स्टँडमागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी पहिली गाडी मागं घेताना वाजणारी शिट्टी हे आमचं घड्याळ. त्या शिट्टीवर आई चूल पेटवायची, आणि ज्वारीच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की ताई आणि मी उठायचो. भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, कधी जवसाची चटणी. ताईसाठी वेगळा एक तांब्या भरून ठेवलेला असायचा. तिला सारखं पाणी प्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आईनं त्याचा असा ध्यास घेतला होता की ताई दोन घास खाते न खाते तोच, "पानी पे व," सुरू व्हायचं. ताई चिडायची. "मी का म्हैस हाय का?" म्हणायची, आणि प्यायची.

तिला सिकलसेल होता. तिच्या रक्तातल्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकड्या होत्या, आणि त्या अडकल्या की हातपाय, पाठ, छाती, जिथं अडकतील तिथं दुखायचं. बाबांच्या अंगात तो अर्धा होता, आईच्या अंगात अर्धा होता. दोघांनाही कधी काही झालं नाही आणि ताईच्या वाट्याला मात्र पूर्ण आला. माझ्या वाट्याला अर्धा आला, म्हणजे काहीच नाही. एका आईबापाच्या दोन मुलींमध्ये असं कसं होतं हे मला शाळेत विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर चौकट काढून समजावून सांगितलं. समजलं. आजही समजतं. माझं लिहिण्याचं वय झालं आहे असं मला वाटत नाही. पण ताई गेल्यापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे तेवढं मांडून ठेवते आहे. दिवसाला पाच-सहा ओळी होतात.

पुस्तकं आली ती गावातल्या वाचनालयातून. ताईला शाळा फार बुडवावी लागे, म्हणून बाबांनीच तिचं नाव तिथं घातलं होतं, चरित्रं वाचेल या हिशेबानं. तिनं काही दिवस चरित्रं वाचलीही. मग एक दिवस ती एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. कुठल्याशा परदेशी भाषेतून मराठीत आणलेलं, मुखपृष्ठावर धुकं आणि त्यात एक दगडी कमान. तो पहिला भाग होता. त्यात तामीन नावाची एक मुलगी असते, लोहाराच्या घरी वाढलेली. तिच्या देशाच्या टोकाला एक वेस असते. त्या वेशीतून अंधार आत येऊ पाहत असतो, आणि ती वेस उघडायची-मिटायची ताकद फक्त एका रक्तात असते. तामीनचं रक्त काळसर चंदेरी. वेशीच्या दगडाला त्याचा थेंब लागला की दगड हलतो आणि तामीनच्या हाडांत असह्य कळ उठते. आम्ही त्या चार भागांना 'वेशीची पुस्तकं' म्हणायचो.

मी ती ताईच्या मागून वाचायचे, आणि आम्हा दोघींचं वाचणं अगदी वेगळं होतं. मला त्यातल्या खानावळी आवडायच्या. बर्फातून चालून आलेली माणसं आत येतात, शेकोटीजवळ बसतात, कुणीतरी समोर रश्शाचं भांडं आणि काळा पाव ठेवतं. काळा पाव मी कधी पाहिला नव्हता, म्हणून तिथं मी आईची नाचणीसारखी काळपट झालेली शिळी भाकर ठेवायचे. बर्फाच्या जागी सरकी काढलेल्या कापसाचे ढीग. किल्ला म्हणजे वाशीमच्या रस्त्यावरची बंद पडलेली कापसाची जिनिंग गिरणी. ताईला हे असलं काही लागत नसे. ती तामीनच्या दुखण्यावर नजर ठेवून असायची. दुसऱ्या भागात तामीन वेस मिटवते, कळेनं बेशुद्ध पडते आणि पुढच्याच पानावर घोड्यावर बसून निघते. ताईनं पुस्तक माझ्या अंगावर टाकलं. "पाह्यलं का? दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसली म्हने! लिहिणाऱ्याचं कधी बोटबी नसंल दुखलं." तरी तिसरा भाग तिनं कुणी नेऊ नये म्हणून वाचनालय उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसून मिळवला.

आता मी शाळेत शिकवते आणि मुलामुलींच्या हातात अशी पुष्कळ पुस्तकं पाहते, काही वाचतेही. जवळपास प्रत्येकात कुणीतरी निवडलेला असतो. गरिबाघरी वाढलेला, अंगात मात्र कुणाचं तरी मोठं रक्त. त्या पानावर आले की मला एका पावसाळ्यातलं आमचं जेवण आठवतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी कळतं की तामीन जुन्या राजांची वंशज आहे, म्हणून तिच्या रक्तात ती ताकद. ताईला हे फार आवडलं होतं. पाऊस होता, पत्र्यावर नुसता आवाज, बाबा ड्युटीवरून येऊन ताटावर बसले होते. ते सहज म्हणाले, "काय वाचून राह्यली एवढं?" आणि ताईनं तो उतारा मोठ्यानं वाचून दाखवला. हजार वर्षांचं राजरक्त, सामान्यांत मिसळूनही न विटाळलेलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"न विटाळलेलं," बाबा म्हणाले. "म्हंजे लोहाराच्या घरी विटाळ होता का? त्यानं वाढवली न तिले?"

"बाबा, गोष्ट हाय ते."

"सारं गोष्टीतूनच येते, बाई. जन्मानं मोठा, रक्तानं मोठा. हेच आयकू-आयकू आपले लोक मेले. आमी कायले सोडलं मंग ते सारं? तू पुन्हा पुस्तकातून घरात आनून राह्यली."

आई म्हणाली, "जेवू द्या न पोरीले."

ताईनं पुस्तक मिटलं. ती शांत दिसत होती, पण तिचे डोळे त्या दिवसांत जरा पिवळे असायचे आणि चिडली की ते जास्तच पिवळे वाटायचे. ती म्हणाली, "तुमी म्हनता रक्तानं कोनी मोठा नाई, कोनी लहान नाई."

"हो."

"सारे सारखे."

"हो."

"मंग माह्यंच रक्त काहून असं?"

बाबांनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि पावसातच बाहेर गेले. आई त्यांच्या ताटाकडे बघत राहिली आणि मग ताईला म्हणाली, "पानी पे."

वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा, आणि वाचणारे बाबा असायचे. थांब्यांची नावं पुकारून कमावलेला त्यांचा आवाज विहाराच्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. पांढरी लुगडी नेसून बायका पुढं बसायच्या, हात जोडून. बाबा एक परिच्छेद वाचत, थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "म्हंजे काय?" मग स्वतःच अर्थ सांगत. बसमधलं उदाहरण, सोयाबीनचं उदाहरण, कुणाच्या तरी भांडणाचं उदाहरण. अर्थ सांगितल्याशिवाय पुढचा परिच्छेद नाही. शेवटी सगळे म्हणायचे, "साधु, साधु, साधु." त्या भांडणानंतरही बाबा रोज विहारात जात राहिले, वाचत राहिले. पण घरी ताईशी त्यांचं बोलणं औषधापुरतं उरलं होतं. रागावले असावेत असं मला तेव्हा वाटायचं. आता मला वाटतं, त्यांच्याकडे त्या प्रश्नाचं उदाहरण नव्हतं.

पोळ्याच्या आसपास ताईच्या छातीत दुखायला लागलं. नेहमी हातपाय दुखायचे, ते आई शेकून काढायची. छातीचं पहिल्यांदाच होतं. बाबांनी तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी तिला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. सलाईन, नाकाला नळी, मग रक्ताची पिशवी. आई तिच्याजवळ, मी शाळा बुडवून आईला सोबत, बाबा रजेवर. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन बोलायचे आणि बाबा परत येऊन आम्हाला त्यातलं थोडंसं सांगायचे.

एका दुपारी आई कपडे धुवायला गेली असताना ताईनं मला जवळ बोलावलं. तिला बोलताना धाप लागत होती. "चौथा भाग आला का व वाचनालयात?"

"नाई आला."

"मी मनात धरलं हाय," ती म्हणाली. "तामीन वाचली त मी बी वाचन. नाई वाचली त नाई."

मला हसू यायला हवं होतं. आमच्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "असं रायते का कुठी?" ती म्हणाली, "नाई रायत. तरी धरलं हाय. धरल्यावर सुटत नाई."

मी खाली जाऊन बाबांना सांगितलं. ते दवाखान्याच्या फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा त नवसच झाला." आणि चहा तसाच ठेवून स्टँडकडे चालू लागले. संध्याकाळी अकोल्याहून परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चौथा भाग होता. अकोल्याच्या दुकानात कितवा भाग हवा हेच त्यांना आठवेना, म्हणे. "ज्यात ते पोरगी शेवटी काय होते ते समजते, तो द्या," असं सांगून आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बाबांनी खाटेजवळच्या स्टुलावर बसून वाचायला सुरुवात केली. त्यांना मोठ्यानं वाचायची एकच रीत माहीत होती. परिच्छेद वाचायचा, चष्मा वर, "म्हंजे काय?" आणि अर्थ. धुक्यातून अंधाराचे स्वार येतात. म्हंजे काय, त मानसाच्या मनातली भीती हाय ते, घोडे-बिडे काही नाई. म्हातारा जादूगार तामीनला मंत्र देतो; म्हंजे काय, त त्यानं तिले शिक्षन देलं. राजवंशाचा उल्लेख आला की बाबांचा आवाज कडक व्हायचा. "इथं लिहिनारा चुकला हाय. ते वेस लोहाराच्या पोरीच्या हिमतीनं हालली. रक्ताचा काही संबंध नाई." ताई उशीवर डोकं टेकून ऐकायची. "बाबा, पुस्तकात तसं नाई," म्हणायची. "मी सांगून राह्यलो न," बाबा म्हणायचे. एकदा ती हसली आणि हसल्यामुळे तिला खोकला आला, तर आई बाबांवर ओरडली.

दोन दिवसांत वॉर्डातल्या बायका आमच्या खाटेभोवती जमायला लागल्या. वर्षावास होता, एक पुरुष चष्मा लावून मोठ्यानं वाचतो आहे, थांबून अर्थ सांगतो आहे. त्यांचा समज झाला की ग्रंथच चालू आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याचशा आमच्यातल्याच होत्या. एक आजी, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या, पांढरं लुगडं नेसून यायच्या आणि जमिनीवर हात जोडून बसायच्या. रोजचं वाचन संपलं की त्याच पहिल्यांदा "साधु" म्हणायच्या आणि मग बाकीच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, हा कोन्ता ग्रंथ म्हनावं? आमच्या विहारात नाई आयकला हा."

बाबांना खोटं बोलता येत नसे. "हा भाइरच्या देशातला हाय, आजी."

"बुद्ध भगवंताच्या काळातला का?"

"नाई. बनावट हाय सारा. गोष्ट हाय."

आजींनी विचार केला. "असू द्या. अर्थ चांगला सांगता तुमी."

शेवटची पन्नासेक पानं उरली तेव्हा बाबा पुस्तक घेऊन खाली गेले. मी पाणी आणायला उतरले तर ते बाकावर बसून पुढचं वाचत होते, ओठ हलवत. मला पाहून त्यांनी बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. मी विचारलं, "वाचते का तामीन?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"मंग बदला न, बाबा. तुमी त तसंबी बदलूनच राह्यले. कोनाले समजत नाई."

"मी अर्थ सांगतो," बाबा म्हणाले. "बदलत नाई." मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले, पुसून झाला तरी. "मी बदललं त म्हंजे मलेबी वाटलं का या कागदात काही हाय. मंग पिंपळाले भेलो असतो त काय वाईट होतं." नवस-शकुनाचं जे भय आमच्या घराण्यात कुणी इतकी वर्षं धरलं नव्हतं, ते बाबांच्या पोटात शिरलं होतं, आणि ते त्यालाच भीत होते. मला ते दिसलं. त्या वयात बाप घाबरलेला पाहू नये असं वाटतं, पण मी पाहिलं.

ते वर आले आणि स्टुलावर बसले. आजी येऊन बसल्या, बाकीच्या आल्या. बाबांनी वाचायला सुरुवात केली. अंधार वेशीपर्यंत आला आहे. वेस कायमची मिटायची तर एक थेंब पुरणार नाही. तामीन दोन्ही हात दगडावर ठेवते. बाबा परिच्छेदामागून परिच्छेद वाचत गेले. चष्मा वर गेला नाही. "म्हंजे काय" आलं नाही. त्यांचा आवाज तोच होता, रस्त्यापर्यंत ऐकू जाणारा, फक्त सपाट, फलाटावर गाड्यांचे नंबर सांगतात तसा. दगड मिटला. तामीनच्या अंगातली कळ थांबली, असं लिहिलं होतं, आणि तिचा श्वासही. बर्फ पडत राहिला. बाबांनी तेही वाचलं.

आजी "साधु" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असं कायले वाचता हो आजारी लेकरापाशी?" आई पदर तोंडात धरून उभी होती. मी ताईकडे पाहू शकले नाही, म्हणून सलाईनच्या थेंबांकडे पाहत राहिले. एक पडायचा, दुसरा तयार व्हायचा.

ताई म्हणाली, "बाबा, अर्थ सांगा."

बाबा पुस्तकाकडे बघत होते.

"सांगा न. रोज सांगता."

"याचा अर्थ मले नाई येत, बाई," बाबा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ना आधी ऐकलं होतं, ना पुढं कधी ऐकलं.

ताईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. आजी उठायला लागल्या. तेवढ्यात ती बोलली, डोळे न उघडता, धापेच्या मधून एकेक शब्द टाकत. "मी सांगू? त्यायच्या देशात दवाखाना नव्हता." ती थांबली, श्वास घेतला. "चार भाग झाले, साऱ्यायले मालूम होतं तिले दुखते. कोनी डॉक्टरपाशी नेलं नाई. नुसती वेस मिट, वेस मिट. म्हून मेली."

बाबांनी वर पाहिलं.

"एवढाच अर्थ हाय," ताई म्हणाली. "रक्ता-बिक्ताचं काही नाई."

आजी म्हणाल्या, "पोट्टी बराबर बोलली. साधु." आणि बायका हसल्या, आईसुद्धा, रडता रडता. बाबा हसले नाहीत. त्यांनी ताईच्या पायांवरची चादर सारखी केली, मग पुन्हा केली, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ताई त्या खेपेला घरी आली. पुढंही पुष्कळदा दवाखान्यात गेली आणि पुष्कळदा घरी आली. तिनं शिक्षण पूर्ण केलं, वाशीमच्या एका कार्यालयात नोकरी केली, आणि असली पुस्तकं शेवटपर्यंत वाचत राहिली, लिहिणाऱ्यांना शिव्या देत. बाबा तिच्या आधीच गेले होते.

यंदा थंडीत ती गेली. दवाखाना होता. चांगला होता. डॉक्टर धावत होते, रक्ताच्या पिशव्या वेळेवर आल्या, मी आणलेलं प्रत्येक औषध तिला दिलं गेलं. कुणी तिला वेस मिटायला सांगितलं नव्हतं. मी हे सगळं पुन्हा पुन्हा तपासते आणि मला कुठं चूक सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं. तिनं लावलेला अर्थ एकाच वेळेपुरता खरा होता, हे तिलाही ठाऊक असणार. सोळा वर्षांच्या मुलीनं तो बापाला हातपाय गाळताना पाहून तिथल्या तिथं जुळवला होता. माझ्यासाठी तसं काही जुळवून ठेवायला तिला वेळ मिळाला नाही. शेवटच्या सकाळी ती एवढंच म्हणाली, की ओठ कोरडे पडले आहेत. मी पाण्याचा चमचा तोंडाशी नेला. तिनं अर्धा घेतला, अर्धा हनुवटीवरून खाली आला, तो मी पुसला.